कच्चा आवाज

घणसोलीत, मागच्या खोलीत,
डोक्यावरून गोधडी घेऊन
मी खाडीचं निवेदन केलं होतं.
गोधडी एवढ्यासाठी, की वरच्या बिऱ्हाडाचा मिक्सर
आणि खालच्या कुल्फीवाल्याची घंटा
फिल्ममध्ये शिरायला नको.
आत मोबाईलचा उजेड, माझाच गरम श्वास,
आणि कागदावर पहिलं वाक्य:
ओहोटी लागली की चिखल बोलू लागतो.

हे तात्पुरतं हं, कारखानीस म्हणाले होते,
चित्रं कुठे तोडायची ते कळावं म्हणून.
खरा आवाज नंतर येईल.

शिंपी नाही का आधी कच्चा टाका घालत,
पांढऱ्या दोऱ्याचा, लांब लांब,
पक्की शिवण बसली की ओढून काढायचा.
मला राग नाही आला.
टाक्याला कुठे राग येतो.

चार महिने मी कच्ची राहिले.
'चिंबोरी' म्हणताना एकदा हसू फुटलं, तेही ठेवलं.
सर्दी झाली त्या आठवड्यात
रोहित पक्षी माझ्या नाकातून उतरले
ऐरोलीच्या पाण्यावर.
एकदा चुकून वाचलं, खाडी सगळं परत देते.
कागदावर होतं, परत येते.
कारखानीस जरा वेळ गप्प बसले
आणि म्हणाले, राहू दे.

मग खरा आला.
सिमेंटच्या जाहिरातीतला, भारदस्त,
सागवानी दार उघडावं
आणि बिजागरीला नुकतंच तेल घातलेलं असावं, तसा.
खोटं कशाला बोलू, पहिल्या दोन वाक्यांना
माझ्याही अंगावर काटा आला.
तिसऱ्यापासून खाडीला इस्त्री झाली.
चिखलाची दलदल झाली,
चिंबोरीचा कवचधारी जीव,
आणि तीन दिवस होडी वल्हवत
आम्हांला शिव्या आणि भाकरी दोन्ही पुरवणारा हिराजी मढवी
'एक स्थानिक मच्छीमार' झाला.

दिवा कोळीवाड्याच्या समाजमंदिरात
पडदा म्हणून पांढरी चादर लावली होती,
मधे तिला पडलेली घडी,
त्या घडीत प्रत्येक पक्षी एकदा वाकून जायचा.
शाळेच्या बाई डोळे मिटून नुसत्या ऐकत होत्या.
पुढच्या सतरंजीवर एक पोर
त्या आवाजात गाढ झोपलं, तोंड उघडं टाकून.
त्यांना आवडला. मला ते दिसत होतं.

हिराजी हाताची घडी घालून बसलेला.
संपता संपता एवढंच म्हणाला,
आवाज बरा हाय.
पन यो मानूस चिखलान कवा उतरलाच नाय.
रुतला असता तं मधीच थांबला असता.

आणि आई.
आईला पक्षी दिसलेच नाहीत.
ती खुर्चीत कडेला सरकत गेली, पदर मुठीत धरून,
कारण बाबा असेच बोलायचे,
सावकाश, प्रत्येक शब्दाखाली पाट ठेवल्यासारखे,
फार रागावले की.
मी हे विसरले होते.
खरं तर विसरले नव्हते,
फक्त त्या आवाजाशी जोडून पाहिलं नव्हतं.

एकतिसाव्या मिनिटाला
दोन वाक्यांच्या मधे, भरती चढायच्या आधी,
एक श्वास आहे.
तो त्यांचा नाही.
पहाटे तीनला कापता कापता
कुणाच्या तरी हातून राहून गेलेला,
गोधडीतला, कोंदट, चोंदलेल्या नाकाचा;
नव्या सदऱ्याच्या बाहीत
कधी कधी पांढरा दोरा राहतो, तेवढाच.
कारखानिसांना कळला नाही.
त्या मोठ्या आवाजालाही नाही,
त्याने आपला त्याच्यावर पाय देऊन
पुढचं वाक्य सुरू केलं.

अंधारात आई माझ्याकडे वळली.
मूठ सुटली होती.
म्हणाली, सर्दी बरी झाली का गं तुझी?